पावतीवर न छापलेला आकडा

मुलगा किंवा मुलगी परदेशी विद्यापीठात शिकत असलेल्या घरात पैसे पाठवण्याचा विषय निघाला की पहिला शब्द येतो टीसीएस. गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत हाच सूर: फी भरायची ती भरायचीच, वर सरकार आणखी कापून घेतं. राग समजण्यासारखा आहे, पण तो चुकीच्या जागी खर्च होतो. टीसीएस हा तुमच्या पॅनवर आगाऊ जमा झालेला प्राप्तिकर. विवरणपत्र भरलं की तो करात वळता होतो, कर बसत नसेल तर परत मिळतो. परत न मिळणारा मोठा पैसा वेगळाच आहे. तो चलनाच्या दरात मिसळलेला असतो आणि बँकेच्या पावतीवर त्याची एक ओळही नसते. तो आकडा रुपयांत छापणं बँकांवर बंधनकारक करा, एवढीच या लेखाची मागणी आहे.

एक हप्ता घेऊन हिशेब मांडू. आकडे समजायला सोपे धरले आहेत, प्रमाण नेहमीचं आहे. ब्रिटनमधल्या विद्यापीठाचा सहामाही हप्ता 12,000 पाउंड. त्या घटकेला बँकाबँकांमधल्या बाजारात पाउंड 118 रुपयांना आहे आणि तुमच्या शाखेने 120 रुपये 40 पैसे लावले. खात्यातून 14,44,800 रुपये जातात. पावतीवर दिसतं ते असं: सेवाशुल्क समजा 1,000 रुपये आणि त्यावर 180 रुपये जीएसटी, चलन बदलल्याबद्दलचा जीएसटी 1,070 रुपये, परदेशी बँकेचा खर्च तुम्ही पत्करला असेल तर त्याचे हजार-दीड हजार, आणि वर्षातली ही पहिलीच रक्कम असेल तर 10 लाखांवरच्या 4,44,800 रुपयांवर 2 टक्क्यांनी 8,896 रुपये टीसीएस. आता न दिसणारा आकडा. पाउंडामागे 2 रुपये 40 पैसे, गुणिले 12,000. झाले 28,800 रुपये. सेवाशुल्क, जीएसटी आणि परदेशी बँकेचा खर्च मिळून जेवढे होतात, त्याच्या सातपट-आठपट. तीन वर्षांच्या पदवीचे असे सहा हप्ते धरले तर 1,72,800 रुपये.

काउंटरवर मात्र घासाघीस होते ती हजार रुपयांच्या सेवाशुल्कावरून. व्यवस्थापक हसून ते माफही करतो. का नाही करणार? मोरीला बोळा अन् दरवाजा मोकळा.

दर कुठून येतो ते माहीत असलं तर बोलणं सोपं जातं. बँक सकाळी त्या दिवसाचा एक तक्ता काढते, त्याला कार्ड रेट म्हणतात. त्यात प्रत्येक चलनाचे अनेक दर असतात: नोटा विकत घेण्याचा आणि विकण्याचा, आणि तारेने पैसे घेण्याचा व पाठवण्याचा, म्हणजे टीटी बाइंग आणि टीटी सेलिंग. फी पाठवताना लागू व्हायला हवा तो टीटी सेलिंग. नोटांचा दर त्याहून बराच महाग असतो. तो चुकून लावला गेला तर ग्राहकाच्या लक्षात येण्याचा काही मार्गच नाही, कारण पावतीवर दराचा प्रकार बहुधा लिहिलेला नसतो. शिवाय कार्ड रेट सकाळी ठरतो आणि दिवसभर बाजार हलला तरी बँकेचं नुकसान होऊ नये म्हणून त्यात आधीच भरपूर फरक धरलेला असतो. मोठ्या रकमेसाठी शाखेला दुसरा मार्ग खुला असतो. मुख्यालयाच्या ट्रेझरीला, म्हणजे चलनाचे सौदे करणाऱ्या विभागाला, फोन करून त्या क्षणाचा दर मागायचा, त्यावर शाखेचं मार्जिन, म्हणजे दरातला आपला फरक, लावायचं आणि सौदा बांधायचा. व्यापाऱ्यांना आणि निर्यातदारांना हाच दर मिळतो. फी भरणाऱ्या पालकाला तो मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागायचा असतो हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

गोव्यात ही बाजू आणखी लंगडी पडते. आपल्याकडे घरची बचत बऱ्याचदा नागरी सहकारी बँकेत किंवा गावच्या पतसंस्थेत मुदतठेवीत असते. तिथून बहुधा परदेशी पैसे पाठवता येत नाहीत, कारण त्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेली बँक किंवा संस्था लागते. मग ठेव मोडायची, पैसे एखाद्या मोठ्या बँकेच्या खात्यात आणायचे आणि तिथे अर्ज करायचा. त्या बँकेच्या लेखी तुम्ही नवखे ग्राहक, त्यामुळे गेल्या वर्षाचा खातेउतारा, विवरणपत्र, पैसा कुठून आला याचे कागद, सगळं मागितलं जातं. साखळी, वाळपई किंवा सांग्याच्या शाखेत परकीय चलनाचं काम होतच नसेल तर कागद पणजी-मडगावला किंवा थेट मुंबईला जातात. तोवर दुपार उलटते आणि दर दुसऱ्या दिवसाचा लागतो. त्यात ब्रिटनची नोंदणी सप्टेंबरात आणि आपली चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, ऑगस्ट-सप्टेंबरात. चवथीच्या सुट्ट्यांना शनिवार-रविवार जोडून आला की हातात उरलेले दिवस बोटांवर मोजण्याइतके. अशा वेळी माणूस दर विचारत नाही, ‘पैसे पोचतील ना?’ एवढंच विचारतो. घाईत असलेल्या ग्राहकाकडून जास्त मार्जिन निघतं हे कुठल्याही बँकवाल्याला शिकवावं लागत नाही.

हा फरक मोजायचा कसा, हे कायद्यात आधीच लिहून ठेवलेलं आहे, ही यातली खरी गंमत. जीएसटी नियमावलीतला नियम 32 सांगतो की चलन बदलून देण्याच्या सेवेचं मूल्य म्हणजे बँकेचा दर आणि रिझर्व्ह बँकेचा संदर्भ दर यातला फरक, गुणिले चलनाचे एकक. म्हणजे आपण वर काढला तोच हिशेब. पण त्याच नियमात बँकांना दुसरा पर्यायही दिला आहे: एक लाखापर्यंत एक टक्का, किमान 250 रुपये, एक ते दहा लाखांसाठी 1,000 रुपये अधिक लाखावरच्या रकमेचा अर्धा टक्का, दहा लाखांवर 5,500 रुपये अधिक वरच्या रकमेचा 0.1 टक्का, कमाल 60,000. या मूल्यावर 18 टक्के जीएसटी. आपल्या उदाहरणात या पर्यायाने सेवेचं मूल्य निघतं 5,945 रुपये आणि कर 1,070. पहिल्या पद्धतीने मूल्य निघालं असतं 28,800 आणि कर 5,184. दुसऱ्या पद्धतीने ग्राहकाचा कर चार हजारांनी वाचतो, हे मान्य करायलाच हवं. पण सरकारी हिशेबात ज्या सेवेची किंमत सहा हजार धरली जाते तिच्यासाठी प्रत्यक्षात जवळपास 29 हजार मोजले गेले, हे मात्र कुठल्याच कागदावर येत नाही. कर दुसऱ्या पर्यायानेच घ्या, बदलू नका. पहिल्या पर्यायाचा आकडा फक्त छापा. सूत्र कायद्याचंच आहे, दर रोजचा आहे. संदर्भ दर 2018 पासून एफबीआयएल ही संस्था कामाच्या प्रत्येक दिवशी दुपारी जाहीर करते. डॉलर, पाउंड, युरो आणि येन त्यात असतात. ऑस्ट्रेलियन किंवा कॅनेडियन डॉलरसाठी अमेरिकी डॉलरवरून दर काढावा लागेल, पण बँका तो तसाच काढतात.

टीसीएसकडे वळू, कारण तिथेही पैसा अडकतो, फक्त वेगळ्या कारणाने. 1 ऑक्टोबर 2020 पासून हा सुरू झाला. तेव्हा सूट सात लाखांपर्यंत होती, 1 एप्रिल 2025 पासून ती दहा लाख झाली. शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या रकमेवरचा टीसीएसही त्याच दिवसापासून उठला, पण कर्ज बँकेचं किंवा प्राप्तिकर कायद्याने मान्य केलेल्या वित्तसंस्थेचं हवं. दागिने ठेवून काढलेलं कर्ज मुलाच्या फीसाठीच असलं तरी बँक त्याला शैक्षणिक कर्ज मानत नाही. स्वतःच्या पैशातून शिक्षणासाठी पाठवलेल्या रकमेवर दहा लाखांनंतर पाच टक्के होते, फेब्रुवारी 2026 च्या अर्थसंकल्पाने ते 1 एप्रिल 2026 पासून दोन टक्के केले. पण ‘जवळच्या नातेवाइकाचा निर्वाह’ या कारणाखाली पैसे पाठवले तर दहा लाखांनंतर वीस टक्के.

इथे एक सापळा आहे. बँकेच्या ॲपवर कारण निवडण्याची यादी येते. फी थेट विद्यापीठाला जाते तेव्हा प्रश्न नसतो. मुलाच्या तिकडच्या खात्यात खोलीभाड्याचे आणि जेवणखाण्याचे पैसे टाकताना मात्र पालक भाबडेपणाने ‘निर्वाह’ निवडतात, म्हणजे एस1301 हा कारणाचा क्रमांक. निवडायचा असतो एस0305, शिक्षणासाठीचा प्रवास, ज्यात फी आणि वसतिगृहाचा खर्चही येतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 30 जून 2023 च्या परिपत्रक क्रमांक 10 मध्ये स्पष्ट केलेलं आहे की शिक्षणाच्या रकमेत जाण्यायेण्याचं तिकीट, फी आणि शिकण्यासाठी लागणारा रोजचा खर्च, तिन्ही येतात. काही शाखा तरीही मुलाच्या खात्यात जाणारा पैसा निर्वाहातच टाकतात. अशा वेळी प्रवेशपत्र, विद्यार्थी व्हिसा आणि परिपत्रकाची प्रत जोडून परदेशी पैसे पाठवण्याच्या ए2 अर्जावर कारण हाताने लिहावं. चार लाखांवर दोन टक्के म्हणजे आठ हजार, वीस टक्के म्हणजे ऐंशी हजार. परत मिळतात हे खरं, पण एप्रिलात कापलेले पैसे पुढच्या वर्षीचं विवरणपत्र भरल्यावर, म्हणजे सव्वा वर्ष उलटल्यानंतर. नोकरदारांना 1 ऑक्टोबर 2024 पासून एक सोय झाली आहे. टीसीएसचा तपशील कचेरीत दिला की पगारातला टीडीएस त्या प्रमाणात कमी कापला जातो. भाड्याच्या उत्पन्नावर घर चालवणाऱ्यांना ती नाही.

दहा लाखांची मर्यादा पाठवणाऱ्या प्रत्येक पॅनमागे आहे आणि ती सगळ्या बँका, सगळी कारणं मिळून मोजली जाते. आई आणि वडील दोघांनी पाठवलं तर घराला वीस लाख मिळतात. बाहेरच्या राज्यांत काही सल्लागार याबद्दल कुजबुजत बोलतात, जणू काही पळवाटच आहे. गोव्यात तर तसं म्हणायला जागाच नाही. पोर्तुगीज नागरी संहितेपासून आपल्याकडे वेगळा करार केलेला नसेल तर लग्नाबरोबर मालमत्ता दोघांची होते, अर्धी-अर्धी. 1961 च्या प्राप्तिकर कायद्यानेही कलम 5अ मध्ये हे मान्य करून पगार सोडून बाकी उत्पन्न, म्हणजे भाडं, ठेवींचं व्याज, धंद्याचा नफा, नवराबायकोत निम्मं-निम्मं धरलं. जे उत्पन्न कायद्यानेच दोघांचं, त्यातून फी दोघांनी पाठवणं हा सरळ व्यवहार आहे. अडचण येते ती साधी: संयुक्त खात्यातून ऑनलाइन पाठवलं की नोंद बहुधा पहिल्या नावाच्या पॅनवर पडते. म्हणून आईचा ए2 अर्ज आईने, तिच्या पॅनवर आणि शक्यतो तिचं नाव पहिलं असलेल्या खात्यातून करावा.

दरातली गळती गोव्यात सर्वात जास्त कुठे होते? ज्या घरात पैसा मुळात बाहेरूनच येतो तिथे. बाप तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला, पगार डॉलरात. तो डॉलर पाठवतो, बँक टीटी बाइंग दराने रुपये करते. इथे पहिलं मार्जिन गेलं. रुपये आईच्या बचतखात्यात येतात, ठेवीत पडतात. दोन वर्षांनी मुलगी अमेरिकेला निघते आणि तेच रुपये टीटी सेलिंगने पुन्हा डॉलर होतात. हे दुसरं मार्जिन. वर आईच्या पॅनवर टीसीएस. डॉलर डॉलरच राहिले असते तर यातलं काहीच लागलं नसतं. बाप परकीय चलन कायद्याने अनिवासी ठरत असेल तर त्याला एफसीएनआर ठेव ठेवता येते, डॉलर, पाउंड किंवा युरोत, एक ते पाच वर्षांसाठी. तिच्या मुदतीची तारीख फीच्या तारखेच्या आगेमागे धरली की त्याच चलनात फी जाते आणि रुपयाचा संबंधच येत नाही. एनआरई, म्हणजे अनिवासींच्या रुपयांतल्या खात्यातून पाठवलं तर चलन बदलावं लागतं, पण ती रक्कम निवासींनी परदेशी पैसे पाठवण्यासाठीच्या एलआरएस योजनेत येत नाही, त्यामुळे टीसीएस नाही आणि अडीच लाख डॉलरची वार्षिक मर्यादाही नाही. जहाज सोडून कायमचा घरी आलेल्यासाठी आरएफसी खातं आहे, त्यातही परकीय चलन तसंच ठेवता येतं. ही माहिती ज्या काउंटरवर मिळायला हवी, त्याच काउंटरला रुपयांतली ठेव हवी असते. मग ती मिळणार कशी?

दर नीट लागला तरी पैसे वाटेत अडकू शकतात. इथल्या चुका ठरावीक आहेत. बँका एकमेकींना पाठवतात त्या स्विफ्ट संदेशात खर्च कुणी सोसायचा याचे तीन पर्याय असतात: अवर (सगळा पाठवणाऱ्याने), शा (दोघांनी वाटून) आणि बेन (सगळा घेणाऱ्याने). ‘शा’ निवडला की मधली बँक आपला वाटा कापून उरलेली रक्कम पुढे ढकलते. विद्यापीठाला 12,000 ऐवजी 11,985 पाउंड मिळतात, खात्यावर 15 पाउंड थकबाकी दिसते आणि तेवढ्यासाठी नोंदणी अडते. फीसाठी नेहमी ‘अवर’. दुसरी चूक, तपशिलाच्या रकान्यात विद्यार्थी क्रमांक न टाकणं. पैसे विद्यापीठाच्या बँकेत पोचतात, पण कुणाचे ते कळत नाही आणि आठवडाभर तसेच पडून राहतात. तिसरी सर्वात महाग: अर्जात चलनाच्या जागी सवयीने डॉलर लिहिणं. मग रुपयाचे डॉलर इथे होतात, डॉलरचे पाउंड तिथे, आणि मार्जिन दोनदा जातं. रक्कम नेहमी बीजकावरच्या चलनात लिहावी. खात्याची ओळख पटवायला ब्रिटन आणि युरोपला आयबॅन, अमेरिकेला नऊ आकडी राउटिंग क्रमांक, ऑस्ट्रेलियाला सहा आकडी बीएसबी. एक आकडा चुकला तर पैसे परत येतात, आणि परत येताना टीटी बाइंगने येतात. पैसे निघाल्यावर बँकेकडून स्विफ्टची प्रत आणि यूईटीआर क्रमांक मागून घ्यावा. तो हाती असला की पैसे कुठल्या बँकेत थांबलेत ते शोधता येतं.

विद्यापीठांनी नेमलेल्या पैसे भरण्याच्या मंचांवरून रुपयांत फी भरता येते. विद्यार्थी क्रमांकाचा आणि कापून जाणाऱ्या 15 पाउंडांचा प्रश्न तिथे सुटतो, ही जमेची बाजू. पण ‘शून्य शुल्क’ अशी पाटी दिसली तर मार्जिन दरात आहे असं समजावं. भरायची रुपयांतली रक्कम भागिले पाउंड, एवढा भागाकार केला की त्यांचा दर निघतो, आणि त्याच मिनिटाचा बँकेचा दर शेजारी मांडला की स्वस्त कोण ते कळतं. समाजमाध्यमांवर ‘तुमची फी आम्ही दहा टक्के कमी रकमेत भरतो’ म्हणणारे भेटतात, त्यांच्या वाटेलाही जाऊ नये. चोरलेल्या कार्डाने फी भरली जाते, महिन्याभराने कार्डाचा मालक तक्रार करतो, विद्यापीठाकडून रक्कम काढून घेतली जाते आणि मूल थकबाकीदार ठरतं. ओळखीच्या माणसामार्फत ‘तिकडे पाउंड द्या, इकडे रुपये घ्या’ हा व्यवहार तर हवालाच. फेमा या परकीय चलन कायद्याखाली रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

बँकांची बाजूही ऐकायला हवी. त्या म्हणतात की मार्जिनमधून परदेशी बँकेत खाती ठेवण्याचा, कागद तपासण्याचा, दर हलण्याच्या धोक्याचा खर्च निघतो, आणि बाजार खुला आहे, ग्राहकाने दुसरीकडे जावं. खर्च असतो, नाकारत नाही. पण फीच्या रकमेचा सौदा त्याच दिवशी ट्रेझरीत झाकला जातो, दर हलण्याचा धोका काही तासांचा. कागद तपासायला लागणारे श्रम 2,000 पाउंडांना जेवढे तेवढेच 20,000 पाउंडांना, मग मार्जिन दहापट का? खुल्या बाजाराचं म्हणाल तर जी किंमत सांगितलीच जात नाही तिची तुलना ग्राहकाने करायची कशी? सेवाशुल्क छापलेलं असतं, म्हणूनच त्यावर घासाघीस होते आणि म्हणूनच ते उतरलं आहे. आम्ही मार्जिनवर कमाल मर्यादा मागत नाही. मर्यादा घातली की सगळे त्या मर्यादेलाच जाऊन बसतात. मागणी फक्त छापण्याची आहे.

हे जगावेगळंही नाही. अमेरिकेत ऑक्टोबर 2013 पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे बाहेरदेशी पैसे पाठवणाऱ्या ग्राहकाला पैसे भरण्याआधी दर, शुल्क, कर आणि पलीकडे नेमके किती पोचतील तो आकडा लेखी द्यावा लागतो, आणि पैसे भरल्यावरही साधारणपणे अर्ध्या तासात व्यवहार रद्द करता येतो. आपल्याकडेही ऑगस्ट 2019 पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा एफएक्स-रिटेल हा मंच आहे. तिथे सामान्य माणसाला बाजाराच्या जवळपासच्या दराने डॉलर घेता येतो आणि बँकेला आपलं मार्जिन वेगळं सांगावं लागतं. म्हणजे मार्जिन उघड केल्याने बँका बुडत नाहीत, हे रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालीच सिद्ध झालेलं आहे. पण त्या मंचावर आधी नोंदणी लागते, बँकेची साथ लागते आणि सोय डॉलरपुरती आहे. पाउंड आणि युरोची फी भरणाऱ्याला तिचा उपयोग नाही. जे तिथे चालतं ते ए2 अर्जावर चालायला काय हरकत आहे?

रक्कम किरकोळ आहे असंही कुणी समजू नये. 2024-25 मध्ये एलआरएस योजनेखाली परदेशी शिक्षणासाठी देशातून सुमारे 292 कोटी डॉलर गेले. मार्जिन सरासरी फक्त एक टक्का धरलं, तरी डॉलरमागे 85 रुपयांनी ते अडीचशे कोटी रुपयांच्या घरात जातं.

कर्ज काढणाऱ्याचं तर दुहेरी मरण. त्याला टीसीएस नाही, पण रक्कम कर्ज देणारी बँकच पाठवते, तिच्याच दराने, आणि मार्जिन मुद्दलात जाऊन बसतं. वरचे सहा हप्त्यांचे 1,72,800 रुपये दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे तर सुमारे 2,74,000 रुपये होतात. मंजुरीपत्रात व्याजदर, प्रक्रिया शुल्क, विमा सगळं असतं, चलनाच्या दराबद्दल अक्षर नसतं. मंजुरीच्या वेळी, सही करण्याआधी, ‘टीटी सेलिंग, बाजारदरावर जास्तीत जास्त इतके पैसे’ असं एक वाक्य लिहून मागावं. सही झाल्यावर मागून काही उपयोग नसतो.

गोवा सरकारही यात हातावर हात ठेवून बसण्याची गरज नाही. गोवा शिक्षण विकास महामंडळ उच्च शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज देतं. महामंडळाने राज्यात काम करणाऱ्या बँकांकडून दर तिमाहीला एकच गोष्ट लेखी मागावी: फीच्या रकमेवर पाउंड, डॉलर आणि युरोला बाजारदराच्या वर तुम्ही किती पैसे लावता. आलेली उत्तरं आपल्या संकेतस्थळावर टाकावीत. याला कायदा लागत नाही, केंद्राची परवानगी लागत नाही. जी बँक उत्तर देणार नाही तिच्या नावापुढची जागा कोरी सोडावी.

रिझर्व्ह बँक जागी होईपर्यंत पालकाने हप्त्याच्या मुदतीआधी निदान दहा दिवस तयारीला लागावं. ए2, पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशपत्र आणि बीजक शाखेत आधीच तपासून घ्यावं, म्हणजे सौद्याच्या दिवशी फक्त दराचं बोलणं उरतं. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, बाजार चालू असताना, फोनवर पाउंडाचा चालू दर उघडा ठेवून शाखेला विचारायचं: ‘कार्ड रेट नको, ट्रेझरीचा दर घ्या. त्यावर तुमचं मार्जिन किती पैसे?’ उत्तर ईमेलवर मागायचं. दुसऱ्या एका बँकेलाही हाच प्रश्न त्याच तासात. 12,000 पाउंडांवर दहा पैसे खाली आले की 1,200 रुपये वाचतात, दीड रुपया खाली आला की 18,000.